आशाला हक्काची मजुरी, वाडीला दवाखान्याची जागा



कोनजवळून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर गाड्या सुसाट धावतात. वर प्रबळ-माथेरानच्या डोंगरातल्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांतून मात्र आजारी माणूस अजून झोळीत घालून उतरवावा लागतो. झोळीबरोबर चालते कोण? आपली आशा.

ती आपल्यातलीच बाई. कुणाला दिवस गेले, कुणाच्या पोराचा डोस राहिला, कुणाला थंडीताप आहे, हे तिला ठाऊक असतं. बाळंतपणानंतर बाळ-बाळंतिणीला बघायला तिने 42 दिवसांत सहा वेळा घरी जायचं. बाळंतपण घरीच झालं तर सात वेळा. बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं, सगळं बघून लिहायचं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून 250 रुपये ठरले. म्हणजे एका फेरीचे 42 रुपयेसुद्धा होत नाहीत. पावसात ओढा ओलांडून गेली तरी तेवढेच.

आणि सरकार तिला म्हणतं काय? स्वयंसेविका. म्हणजे ती कामगार नाही, तिला मिळतो तो पगार नाही, ‘मोबदला’. हा शब्दांचा खेळ आपल्याला नवा नाही. बापजाद्यांपासून दळी कसणाऱ्या आपल्याला ‘अतिक्रमणदार’ म्हटलं गेलं. घाम दिसतो, पण कागदावर हक्क लागत नाही. दोघांचं दुखणं एकच.

गावच्या माणसाला थोडक्यात राबवून घ्यायची रीतही जुनी आहे. 2 ऑक्टोबर 1977 ला जनस्वास्थ्य रक्षक योजना आली. हजार वस्तीमागे एक रक्षक, महिना 50 रुपये. 2005 नंतर आशा आली. गावची बाई हे काम करू शकते का, असा प्रश्न आता कुणी विचारू नये. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायांना शिकवलं. तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. 1999 साली हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्यातूनच पुढे आशाच्या घरभेटी सुरू झाल्या. काम जगाने मानलं, मजुरी मात्र भांडूनच मिळवावी लागते. आशांनी संप केला, 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात ठाण मांडलं, तेव्हा मार्चमध्ये राज्य सरकारने महिना 5,000 रुपयांची वाढ मान्य केली.

आता जागेचं. आशा शिकली, औषधाची पेटी आली, पण नर्सबाई आली की बसायचं कुठे? कुणाच्या तरी पडवीत. दवाखान्याला जागा मागितली की उत्तर येतं, ‘जमीन फॉरेस्टची आहे.’ हे उत्तर ऐकून परत फिरायचं नाही. वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) वाचा. दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा 13 कामांसाठी वनजमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे सुरुवात आपल्या हातात आहे. ज्या वाड्या खाजगी मालकाच्या जागेवर आहेत तिथे हे कलम चालत नाही. तिथे गावठाणाची मागणी लावून धरायची.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीने तीन गोष्टी कराव्यात.

एक, दवाखान्यासाठी जागा दाखवून कलम 3(2) खाली शिफारशीचा ठराव करावा. नक्कल घेतल्याशिवाय उठू नये.

दोन, आशाला कामगाराचा दर्जा आणि ठराविक पगार मिळावा असा ठराव घालावा. तिचे पैसे थकले तर वाडीने तिच्याबरोबर कचेरीत जावं. तिला एकटीला पाठवू नये.

तीन, वीटभट्टी, कोळसाभट्टीवर जाण्याआधी गरोदर बाया आणि लहान पोरांची यादी आशाबरोबर बसून करावी. डोसाचं कार्ड गाठोड्यात बांधून न्यावं. भट्टीवरून 108 ला फोन लावता यायला हवा.

आशा आपल्या दारी येते, नाव-वजन लिहून घेते. तिच्या हक्काच्या अर्जावर आपला अंगठा, आपली सही हवी. ती आपल्यासाठी डोंगर चढते, आपण तिच्यासाठी मोर्चात चालू.

जमीन आमच्या हक्काची, आरोग्यही आमच्या हक्काचं!