कायमची खरेदी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक ठराव मांडला गेला. कॅसेटचा जुना डबा मोडीत काढावा आणि गाणी ऐकण्यासाठी एक डिजिटल संच घ्यावा, असा. चिरंजीवांनी तो मांडला, सौभाग्यवतींनी अनुमोदन देताना पुस्ती जोडली, "घ्यायचाच तर चांगला घेऊ. एकदाच काय तो, कायमचा!" खर्चाला माझी हरकत नव्हती. मी अडखळलो तो 'कायमचा' या शब्दापाशी.

त्याला कारण काशीद. अलिबागहून मुरुडला जाताना सुरूच्या बनामागे जे गाव लागते, तिथे माझ्या आत्याचे घर आहे. गेल्या मे महिन्यात आतेभावाने माडीवरचे कपाट आवरायला काढले आणि त्यातून दोन यंत्रे निघाली. एक आत्याच्या सासऱ्यांचा चावीचा ग्रामोफोन. दुसरे माझे, तळहातावर मावणारे, मिनिडिस्कवर आवाज टिपणारे. 2004 साली शिकवण्यांच्या पैशांतून मी ते जुन्यातले घेतले होते. ओव्या गोळा करण्याचा नाद लागला होता. आत्याला जात्यापाशी बसवून मी तीन तबकड्या भरल्या आणि उरलेले पुढच्या सुट्टीत करू म्हणून सारे तिथेच ठेवून दिले. पुढची सुट्टी नोकरीने खाल्ली, त्यापुढची लग्नाने. आत्या 2015 साली गेली.

ग्रामोफोनला दादाने चावी दिली, सुई बदलली आणि तो गाऊ लागला. खरखरत, पण गाऊ लागला. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळले आणि वीज कित्येक दिवस गेली, तेव्हा रात्री कंदिलाच्या उजेडात हाच ग्रामोफोन चालत असे, असे दादा सांगतो. माझे यंत्र मात्र उघडले तर आत विसरलेला सेल पाझरून हिरवा झालेला, आणि खाऱ्या हवेने पत्र्याच्या पट्ट्या खाल्लेल्या. तबकड्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात जशाच्या तशा, नव्या कोऱ्या. आत आत्याचा आवाज आहे हे ठाऊक आहे आणि तो ऐकता येत नाही!

पूर्वजांचे मोडी कागद ट्रंकेत शाबूत असावेत आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरू नये, तशी ही गत. लाखेच्या तबकडीवर आवाजाची लाटच कोरलेली असते; सुई तिच्यावरून फिरली की ती बोलते. पूर्वी झाडाच्या काट्याच्या सुयाही वापरीत. डिजिटल मुद्रणात आवाजाचे आकडे होतात. साध्या सीडीवर सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजलेला असतो. आकडे झिजत नाहीत हे खरे, पण ते वाचायला ती विशिष्ट लिपी जाणणारे यंत्र लागते, आणि यंत्राचे आयुष्य कारखानदाराच्या मर्जीवर. मिनिडिस्क 1992 साली आली. 2013 साली मूळ कंपनीने तिची यंत्रे बनविणे थांबवले. आयपॉड 2001 साली आला, 2022 साली बंद झाला. वीस-एकवीस वर्षे! आमच्या घरचा पाटा-वरवंटा याहून जुना आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका जिन्याखाली एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी यंत्र पुसले, पट्ट्या बदलल्या आणि बजावले, "लेझर थकलाय. किती वेळ चालेल सांगत नाही. पहिलं जे हवं ते लावा." तीन तबकड्यांतून एक निवडायची! आत्याची माहेरची ओवी कोणतीत होती, ते मला आठवेना. पहिली तबकडी लावली. मिनिडिस्कची नक्कल झटपट उतरत नाही. चौऱ्याहत्तर मिनिटांना चौऱ्याहत्तर मिनिटे. जिन्याखालच्या स्टुलावर मी ती सारी बसून काढली. दुसरी तबकडी निम्म्यावर अडली. तिसरी लागलीच नाही.

जे मिळाले त्याच्या नकला आता तीन घरी आहेत. एका गोष्टीत मात्र डिजिटलला मानले पाहिजे. शके 1506 मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, कारण नकलेगणिक अपपाठ शिरत गेले होते. आकड्यांची नक्कल नीट उतरली की हजारावी प्रतही पहिल्यासारखीच.

तेव्हा घरच्या ठरावाला मी उपसूचना मांडली. पैसे घालायचे ते वायरीच्या स्पीकरांत आणि अँप्लिफायरमध्ये. चुंबक, तारेचे वेटोळे, कागदी शंकू. कडेचा फोम झडला तरी तो बदलता येतो. पुढे जो डिजिटल डबा जोडायचा तो स्वस्तातला, चपलेसारखा, चार-पाच वर्षांनी बदलायचा. चिरंजीवांना आवडली होती ती सीलबंद बॅटरीची, बिनतारी नळकांडी. ती बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. चिरंजीव रुसले. सौभाग्यवतींनी विचारले, "म्हणजे कायमचं असं काही मिळतच नाही का?" मी स्पीकरांकडे बोट दाखवले. "हे दिवाणखान्यात फार मोठे दिसतील," एवढेच त्या म्हणाल्या.

तरी घेतले. धनत्रयोदशीला त्यांवर आत्याची तबकडी लावली. तिसऱ्या ओवीनंतर जाते थांबते आणि ती विचारते, "चालू आहे ना रे तुझं ते?" आणि तेवीस वर्षांचा कोणी पोरगा घाईघाईने म्हणतो, "हो आत्या, तू म्हण."

तिसरी तबकडी कपाटात आहे. कारागिरांनी सांगितले आहे, असलेच दुसरे मोडके यंत्र कुठे मिळाले, तर घेऊन या.