प्रश्नचिन्हाची किंमत

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. तेव्हा वाचकहो, यंदाच्या सदराची सुरुवात माझ्या एका कडू आठवणीने केली, तर चालवून घ्या.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या कचेरीतला मुख्य संगणक एका रात्री बंद पडला. त्याचा गाभा, म्हणजे लिनक्सचे कर्नल, कोसळता कोसळता पडद्यावर नावांची एक यादी सोडून गेले. त्या यादीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने लिहिलेले फंक्शन होते. मी भर बैठकीत त्याला फैलावर घेतले. तो चाचरत म्हणाला, "सर, त्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे." मी म्हणालो, "अरे, पण नाव तर तुझेच आहे ना!"

हे प्रश्नचिन्ह म्हणजे काय, ते सांगतो. संगणकातले एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते, दुसरे तिसऱ्याला. जाताना प्रत्येक वेळी 'काम झाले की येथे परत या' अशी चिठ्ठी एका चळतीवर ठेवली जाते. हीच ती स्टॅक. अपघात झाला की ही चळत वरून खाली उलगडायची. कोणी कोणाला धाडले ते कळते. मौज अशी की, काम संपल्यावर चिठ्ठी कोणी फाडत नाही. 'चळत येथपर्यंत' ही खूण तेवढी सरकते. पुढे त्या जागेवर नवे काम आले, तरी मधल्या फटीत जुनी चिठ्ठी तशीच राहू शकते. शिवाय त्याच चळतीत हिशेबाचे इतर कागदही असतात. खरी चिठ्ठी कोणती आणि शिळी कोणती?

यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक फंक्शनने आपला दोरा मागच्याला बांधून ठेवणे. याला फ्रेम पॉइंटर म्हणतात. पण दोरा बांधण्यात वेळ जातो. कर्नलची काही कामे त्यामुळे पाच ते दहा टक्क्यांनी मंदावतात. दुसरा उपाय कंपायलरने लिहून दिलेल्या ड्वार्फ नावाच्या तक्त्यांचा. तो २००६ साली कर्नलमध्ये आणला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काढून टाकावा लागला. अपघाताचा पंचनामा करायला आलेला हवालदारच घसरून पडू लागला, तर त्याचा उपयोग काय? पुढे २०१७ साली जोश पॉइमब्यूफ यांनी ऑर्क नावाची साधी तक्ता-पद्धत आणली. ऑब्जटूल हे अवजार तयार झालेल्या कोडातली एकेक आज्ञा तपासून तो तक्ता बनवते. त्याला २ ते ४ मेगाबाइट जागा लागते. पण दोरा बांधण्याचे ओझे उतरते.

आता तर चालत्या कर्नलला, तो न थांबवता, ठिगळ लावतात. झोपलेले एखादे काम जुन्या फंक्शनच्या मध्यावर तर नाही ना, हे आधी चळत उलगडून पाहावे लागते. तेथे चुकीचा अंदाज म्हणजे नवा अपघात. म्हणून उलगडणाऱ्याला शंका आली, तर त्याने 'खात्री नाही' एवढेच सांगायचे. मग ठिगळ थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहिले जाते. माझ्या मते विश्वासार्हता म्हणतात ती हीच. सर्व काही ठाऊक असणे नव्हे. ठाऊक नसेल तेथे तसे कबूल करणे.

आमच्या यादीतले प्रश्नचिन्ह हीच कबुली देत होते. 'हे नाव चळतीत सापडले, पण हे खरोखर वाटेत होते याची हमी नाही,' असे यंत्र म्हणत होते. हमी मी माझ्या पदरची घातली. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्या मुलाचे फंक्शन आपले काम संपवून केव्हाच परतले होते. मागे उरली होती ती शिळी चिठ्ठी. दोष निघाला, तो मी स्वतः लिहिलेल्या भागात.

मी त्याची क्षमा मागितली. पण ती जिन्यात, दोघेच असताना. भर बैठकीत बोललेले शब्द भर बैठकीतच परत घ्यायला हवे होते. तो "असू द्या, सर" म्हणाला आणि खाली उतरून गेला. पुढे त्याने नोकरी बदलली. ही दिवाळी त्याच्या घरीही आली असेल आणि हा अंकही कदाचित त्याच्या हाती पडेल. म्हणून जिन्यात बोललेले आज चारचौघांत बोलतो आहे: चूक माझी होती.