ट्रॉलीच्या आधी खिडकी

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात आणि आईसाठी स्वयंपाकघरात ट्रॉली आणि कपाटं बसवून जातात. मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या वस्त्यांत आम्ही हे वरचेवर पाहतो. हेतू चांगलाच असतो, मे महिन्यात सगळं चकचकीतही दिसतं. पण जून लागला की खारी, दमट हवा भुशाच्या पार्टिकल बोर्डात शिरते. कडा फुगतात, दार लागत नाही, बिजागऱ्या गंजतात. ऑगस्टपर्यंत आत बुरशीचा वास आणि झुरळं. कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

रमाई आवास योजनेचं घरकुल २६९ चौरस फुटांचं. एवढ्यात भिंतभर बंद कपाटं लावली की खिडकी गेलीच समजा. गॅस घरात आला तरी सिलिंडर पुरवायचा म्हणून पावसाळ्यात चूल पेटतेच. धुराला वाट नसेल तर तो बाईच्या छातीत जातो. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या आणि तरी चार पावलांत धाप लागणाऱ्या बायका आम्ही नर्स असताना वॉर्डात पाहिल्या आहेत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पैसा आधी खिडकीला आणि धुराच्या वाटेला, मग कपाटाला.

कपाट ही काही श्रीमंतांचीच वस्तू नव्हे. १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये, नगरपालिकेच्या स्वस्त घरांसाठी, साधारण साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. कपाटं त्यात बांधूनच दिली होती. बाईला किती पावलं टाकावी लागतात, हे आधी मोजलं आणि मग कपाटाची जागा ठरली. आपल्याकडे मापं कोण ठरवतं? मुलगा आणि सुतार. जिला रांधायचं ती तेव्हा त्या दोघांसाठी चहा ठेवत असते.

तिला भिंतीशी उभं करा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा. पाच फुटांच्या बाईला ठरावीक मापाचा ओटा उंच पडतो. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, म्हणजे दोन्ही वेळेला खांदे वर उचलूनच ढवळायचं. रोजचे डबे डोक्याच्या वर नकोत. स्टुलावरून पडून मनगट, खुबा मोडलेल्या आज्या काही कमी नाहीत.

ओट्याखाली कडप्प्याच्या उघड्या फळ्या घाला. त्या फुगत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसल्या की झालं. दार हवंच असेल तर ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाळीचं. आपल्या आज्यांचं जाळीचं कपाट उगाच नव्हतं, त्यात वारा खेळायचा. (मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या असतात. ते पाणी आठवड्याला ओतून, वाटी घासून पुन्हा भरा. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.) सुकी मासळी मात्र उघडी नको. कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीनं भडका उडतो. पुढे दार लावलंच असेल तर तळाशी मोठी जाळी हवी.

घरात कुलपाचं कपाट मात्र एक हवंच, आणि ते सिंकखाली नको. अन्नापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. त्यात गोळ्या, फिनेल, रॉकेल, आंबा-काजूवर फवारायचं औषध आणि उंदीर मारायची पेस्ट. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेलेलं मूल एक-दोन दिवस चांगलं खेळताना दिसतं आणि नंतर यकृत निकामी होतं. बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका, डबी सोबत घेऊन त्याच तासाला रुग्णालय गाठा. रॉकेल प्यायलं असेल तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरतं. आणि यातलं काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका.