दुकान बंद ठेवून कड्यावर चाललो तेव्हा

व्यापारी बंधूंनो, आपल्या लाइनीत सुट्टी घेणे म्हणजे जवळजवळ गुन्हा समजला जातो. ईदचा सीझन झाला की लग्नसराई, लग्नसराई झाली की शाळांचे युनिफॉर्म, मग वसुली. तीस वर्षे मी कापडाचा ठोक धंदा करतो आहे. या तीस वर्षांत दुकान सोडून बाहेर राहिलो तो फक्त सुरत, अहमदाबाद आणि इरोडच्या खरेदीसाठी. गेल्या वर्षी डॉक्टरने रक्तदाब पाहिला आणि गोळ्यांच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिले, "आठ दिवस समुद्रकिनारी, रोज चालणे". मुलाने त्याच दिवशी तिकिटे काढली. त्याला गल्ल्यावर एकटे बसायचे होते, हेही मला समजत होते.

आम्ही दोघे नवरा-बायको पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केरळात वर्कला येथे उतरलो. तिरुअनंतपुरमच्या उत्तरेला हे लहानसे गाव आहे. केरळचा किनारा बहुतेक सपाट आहे, पण इथे मात्र लाल कडा सरळ समुद्राच्या काठावर उभा आहे. पायवाट त्याच्या माथ्यावरून जाते. एका हाताला दुकाने, खानावळी, लॉज आणि दुसऱ्या हाताला एकदम खाली साठ-सत्तर फुटांवर वाळू आणि लाटा. मधूनमधून खाली उतरायला पायऱ्या आहेत. दक्षिणेकडे पापनाशम किनाऱ्यावर हिंदू बांधव पितरांचे विधी करतात आणि वर जनार्दनस्वामींचे प्राचीन मंदिर आहे. उत्तरेकडे चालत गेले की ओडयम, मग एडवा आणि शेवटी काप्पिल. काप्पिलला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीचे शांत पाणी आणि मध्ये रस्ता. एडव्यात आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे. आखाती देशांच्या कमाईची मोठमोठी घरे पाहून मला आपले कोकण आठवले. फजरनंतर निघावे, तासभर चालावे आणि परतताना गरम पुट्टू आणि कडला खावे, असा आमचा क्रम होता. चौथ्या दिवशी मी मुलाला फोन करायचे विसरलो. बायको म्हणाली, "आता बरे झालात."

पण व्यापारी माणसाची नजर कुठे स्वस्थ बसते? कड्यावरची कितीतरी दुकाने काश्मिरी बांधवांची आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत परदेशी आणि देशी पाहुण्यांचा सीझन असतो. जून लागला, पाऊस सुरू झाला की बरीचशी दुकाने बंद होतात आणि हे लोक घरी जातात. एका दुकानात तरुण मुलगा बसला होता. मी शालीला हात लावला आणि म्हणालो, "बेटा, हे पश्मीना नाही." तो हसला. म्हणाला, "चाचा, आप भी लाइन के हैं?" मग त्याने चहा मागवला. व्हिस्कोसचा माल अमृतसर-लुधियानाकडून येतो, हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले. आपल्या वाचकांना माहीत आहेच, एक धागा काढून जाळला की व्हिस्कोस कागदासारखा जळतो आणि लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. अंगठीतून शाल काढून दाखवण्याच्या तमाशावर विश्वास ठेवू नये, पातळ व्हिस्कोसही अंगठीतून जाते. त्याच्या शेजारी "केरळ हातमाग" अशी पाटी होती आणि आत पॉवरलूमची धोतरे. इथून जवळच बलरामपुरम आहे, तिथल्या हातमागाच्या कापडाला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. विणकर तिथे खड्ड्याच्या मागावर बसून डोळे फोडतो आणि त्याच्या नावाने भलताच माल विकला जातो. माझे स्वतःचे पोट पॉवरलूमच्या मालावर भरले आहे, त्या मालाची मला लाज नाही. पण पॉवरलूमला पॉवरलूम म्हणून विकावे.

तो मुलगा खरे दुखणे वेगळेच सांगत होता. बारा महिन्यांचे भाडे पाच महिन्यांत काढावे लागते आणि दरवर्षी समोरची वाट थोडी अरुंद होते. मी बाहेर येऊन पाहिले. एका ठिकाणी कुंपणाचा खांब हवेत लोंबकळत होता, खालची जमीनच गेली होती.

हा कडा असा का ढासळतो, हे खाली वाळूवर उतरून पाहिले की समजते. वर जांभा आहे, आपल्या कोकणात घरे बांधतात तोच. त्याच्याखाली वालुकाश्म आणि रंगीत चिकणमातीचे थर, कुठे काळा लिग्नाइट. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, चिकणमातीवर अडते आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यांवर लोक आंघोळ करतात. समुद्र खालून पाया खातो आणि पाणी आतून माती सैल करते. आता त्यात वरच्या लॉजांचे सांडपाणी आणि शोषखड्डे यांची भर. म्हणजे ज्या कड्यासाठी गिऱ्हाईक येते, त्याच कड्यात दुकानदार रोज पाणी मुरवतो आहे. आपल्या भाषेत याला मुद्दल खाणे म्हणतात. सप्टेंबर 2025 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत वर्कल्याच्या कड्यांचे नाव आले, आपले पाचगणी-महाबळेश्वरही त्याच वेळी त्या यादीत गेले. नाव मोठे झाले की गर्दी वाढेल आणि गर्दीबरोबर सांडपाणीही.

आता हे सारे मी व्यापाराच्या पानावर का लिहितो आहे? माझा मेहुणा रत्नागिरी तालुक्यातला. समुद्रावर त्याच्या वडिलांचा जांभ्याचा सडा आहे, खाली सरळ कडा. वीस वर्षे कुवेतमध्ये काढून तो परतला आहे आणि तिथे दहा खोल्यांचे लॉज बांधू पाहतो. निम्मे भांडवल माझे, असे ठरले होते. कल्पना उत्तम आहे. कोकणात आपल्या लोकांची किती घरे कुलूप लावून पडली आहेत! पाहुणे येतात, दुसऱ्यांकडे उतरतात आणि आपली मुले पुन्हा आखाताचा व्हिसा शोधतात. हलाल जेवण, स्वच्छ खोली आणि बायकामुलांना निर्धास्त फिरता येईल अशी जागा मिळाली तर भिवंडी-मालेगावचा माणूसही दोन दिवस नक्की येईल. त्यालाही रक्तदाब आहेच.

पण नकाशात खोल्या अगदी काठावर आहेत, खिडकीतून थेट समुद्र दिसावा म्हणून. वर्कल्याहून परतल्यावर मी त्याला पत्र लिहिले. फोनवर तो मला बोलू देत नाही. लिहिले की खोल्या मागे घ्या, काठ चालण्यासाठी मोकळा सोडा, सांडपाणी कड्याकडे न नेता आत बागेत जिरवा आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आधी हातात घ्या. तो म्हणतो, आपल्याकडे खाली काळा कातळ आहे, केरळसारखी माती नाही. बहुतेक जागी ते बरोबर आहे. तरी रत्नागिरीकडे विहिरी खोदताना जांभ्याखाली चिकणमाती आणि लिग्नाइट लागल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या सड्याखाली काय आहे हे कुणी खोदून पाहिलेले नाही. बोअर मारून पाहावे, त्याचा खर्च मी देतो, असेही लिहिले. बहीण मधल्या मध्ये कोंडीत सापडली आहे, भावाची बाजू घ्यावी की नवऱ्याची.

पत्राला तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. पैसे बँकेत तसेच आहेत. मुलगा म्हणतो, तोवर ते सुताच्या खरेदीत फिरवू. मी त्याला थांबायला सांगितले आहे.