निर्जन किनाऱ्याची लबाडी

मराठी ललित गद्यात एक विलाप आता इतका रूढ झाला आहे की त्याला स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावे. त्याची संहिता ठरलेली असते. लेखक पहाटे समुद्रावर पोहोचतो. वाळूवर एकही पाऊल उमटलेले नसते. मग ‘गाज’ येते, ‘अथांग’ येते, क्षितिजाशी संवाद होतो. साडेआठच्या सुमारास पहिली बस येते आणि तिच्यातून ‘ते’ उतरतात. ते मोठ्याने बोलतात, भजी खातात, फोन उंच धरून फोटो काढतात, कपड्यांसकट पाण्यात शिरतात. लेखकाचे मन विषण्ण होते. शेवटच्या परिच्छेदात तो वीस वर्षांपूर्वीचा तोच किनारा आठवतो, कोणालाच ठाऊक नसलेला, आणि लेख संपतो.

असे लेख दिवाळी अंकांत येतात, संकेतस्थळांवर येतात. अभ्यासमंडळांवरच्या मंडळींना ‘निसर्गलेखनाचा उत्तम नमुना’ हवा असला की अशाच लेखांतून वेचे निवडले जातात. माझा आक्षेप त्यांच्या शैलीवर नाही. शैली बहुधा बरीच असते. माझा आक्षेप असा की हे लेखन खोटे आहे, आणि त्या खोटेपणाला आपण अभिरुची म्हणतो.

मी नेसरीचा. गडहिंग्लज तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला एका खिंडीमुळे माहीत आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि इथे कामी आले. पण खरे सांगायचे तर गाव घराघरांत पोहोचले ते कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे. बाहेरून येणारा माणूस स्मारकापाशी उभा राहतो तेव्हा त्याला दिसतात सात घोडे आणि भोवतीचा मोकळा माळ. आठवडी बाजार, उसाच्या ट्रॉल्या, शाळेतून घरी निघालेली पोरे हे सारे त्या चित्राच्या बाहेर. आम्ही त्या चित्राच्या बाहेर राहणारी माणसे आहोत. त्यामुळे एखादी जागा ‘स्थळ’ कशी बनते आणि बनताना तिच्यातून काय वगळले जाते, हे आम्हांला जरा लवकर कळते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गल्लीतल्या बायकांनी पैसे जमवून दोन वडाप गाड्या ठरवल्या आणि तारकर्लीला जायचे काढले. हिशेब ठेवायला आणि वाट दाखवायला म्हणून मला बरोबर घेतले. आजरा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण असा रस्ता. मे महिन्यातली तारकर्ली म्हणजे काय, हे जाणाऱ्याला सांगायला नको. गाडी लावायला जागा नाही. पॅराशूटला टांगलेली माणसे, बनाना राईडच्या किंकाळ्या, शहाळ्यांचे ढीग, आणि देवबागच्या संगमापलीकडल्या वाळूच्या पट्ट्याकडे, ज्याला आता सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, प्रवासी नेणाऱ्या होड्यांची रांग. मी मनातल्या मनात तो ठरलेला विलाप लिहायला घेतला होता. पहिले वाक्य जमलेही होते.

आमच्यात साठीच्या एक काकू होत्या. आयुष्य भांगलणीत आणि म्हशींमागे गेलेले. समुद्रापासून सरळ रेषेत फार लांब नसलेल्या गावात राहून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्या बराच वेळ वाळूवर उभ्या राहिल्या. मग लुगड्याचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात गेल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकून हसल्या. ‘‘खरंच की गं, खारट हाय.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘एवढं पाणी, आणि शेताला थेंब न्हाई उपयोगाचा.’’ परतताना मी त्यांना विचारले, ‘‘काकू, गर्दीचा त्रास नाही झाला?’’ त्यांनी माझ्याकडे, हा मास्तर असून असे काय विचारतो, अशा नजरेने पाहिले. ‘‘गर्दी हुती म्हणून तर उतरले पाण्यात. एकटी असते तर भ्याले असते. आणि लोकांनी काय म्हटलं असतं?’’

या एका उत्तरासाठी हा लेख लिहितो आहे.

सौंदर्यानुभव एकांतातच शक्य असतो, हे आपण वर्गात इतक्या सहजपणे सांगतो की त्यामागचा प्रश्न विचारायचा राहून जातो. एकांत परवडतो कोणाला? पहाटे साडेपाचला निर्मनुष्य किनाऱ्यावर एकटे चालत जाणारे ते ‘मी’ जवळजवळ नेहमी पुरुषाचे असते. बहुधा शहरी, पगारी, रात्री किनाऱ्यालगतच्या खोलीत झोपलेल्या पुरुषाचे. त्याला कोणी हटकत नाही. त्याच्या चारित्र्याची चर्चा होत नाही. त्याचा एकांत विकत घेतलेला असतो आणि तो विकत घेतला आहे हेच लेखातून गाळलेले असते. ज्या काकूंना समुद्रात उतरण्याचे धैर्य आणि सबब दोन्ही गर्दीने दिले, त्यांच्या अनुभवाला या सौंदर्यशास्त्रात जागाच नाही. त्या तिथे फक्त व्यत्यय म्हणून येतात, ‘बसमधून उतरलेली मंडळी’ या अनेकवचनात.

आता ‘पूर्वीचा निर्जन किनारा’ या आठवणीकडे वळू. तो किनारा निर्जन होता तो निसर्गतः नव्हे. कोकणातला कर्ता माणूस मुंबईत होता, गिरणीत, गोदीत, खानावळीत. गाव चालत होते मनीऑर्डरीवर. त्याला चाकरमानी हा शब्द भाषेने दिला तो उगीच नव्हे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तरीही २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजारांवर असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. आपण ज्याला ‘नीरव शांतता’ म्हणून गौरवतो ती पुष्कळ अंशी पोटासाठी निघून गेलेल्या माणसांची अनुपस्थिती आहे.

हे केवळ कोकणाचे नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात मोहेरचे कडे आहेत. अटलांटिकवर उभे तुटलेले, सर्वांत उंच जागी दोनशे मीटरांहून अधिक. आयर्लंडच्या ग्रामीण भागातले हे सर्वांत गजबजलेले निसर्गस्थळ. साथीपूर्वीच्या वर्षांत तिथे वर्षाला पंधरा लाखांवर माणसे येत होती. तिकडे शिकायला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मला छायाचित्रे पाठवली. हिरवा कडा, धुके, पक्षी, माणूस एकही नाही. खाली लिहिले होते, ‘‘सर, फ्रेममधून लोक टाळायला पाऊण तास थांबलो.’’ त्या बिचाऱ्याने निदान ते कबूल केले. आपले ललितलेखक कबूल करत नाहीत.

क्लेअरची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे २ लाख ८६ हजार होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ लाख २८ हजार आहे. मधल्या काळात बटाट्याच्या रोगाने आलेला महादुष्काळ आहे आणि पिढ्यान् पिढ्या चाललेले स्थलांतर आहे. त्या देशाच्या पश्चिमेची जी उदास, मोकळी भव्यता जगाला भावते तिच्या पोटात हा आकडा आहे. आणि कड्यावरचा ओब्रायनचा मनोरा? तो स्थानिक जमीनदार कॉर्नेलियस ओब्रायन यांनी १८३५ साली बांधला, येणाऱ्या प्रवाशांना कडे नीट पाहता यावेत म्हणून. म्हणजे दुष्काळाच्याही आधी तिथे पाहुणे येत होते. गर्दीपूर्वीचा निष्पाप काळ शोधत मागे जावे, तर तिथेही कोणीतरी बसायची सोय करून ठेवलेली दिसते.

१८३५ हे साल साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. वर्डस्वर्थच्या सरोवर प्रदेशाच्या मार्गदर्शिकेची पाचवी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. हो, मार्गदर्शिका. लोकांनी यावे, कुठून काय पाहावे, हे सांगणारे पुस्तक. पुढे १८४४ मध्ये विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याचा बेत झाला तेव्हा याच कवीने वृत्तपत्रातून विरोध केला. त्याच्या म्हणण्याचा रोख असा होता की अशा दृश्यांची गोडी हळूहळू, संस्काराने लागते. कारखान्यांतल्या कामगारांना गाड्या भरभरून आणून सोडल्याने त्यांचे काही भले होणार नाही. आपण वर्गात त्याची कविता शिकवतो, ही पत्रे शिकवत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर आपल्या विलापाचे कूळ सापडते. निसर्गावरचे प्रेम आणि माणसांच्या एका वर्गाविषयीची भीती ही त्यात एकाच वाक्यात नांदतात. आपण प्रेम उचलले, आणि नकळत भीतीही.

‘नकळत’ म्हणतो, कारण मराठी साहित्याची खरी परंपरा अशी नव्हती. जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ आठवा. तिथे कोकण म्हणजे माणसेच माणसे. हट्टी, लबाड, लोभस, कर्जात बुडालेली. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात तर जिवंत माणसांबरोबर देव, शाप आणि भुतेही दाटी करून असतात. श्री. ना. पेंडशांची गारंबी बापूशिवाय आणि त्याच्याशी भांडणाऱ्या गावाशिवाय उभीच राहत नाही. या लेखकांनी समुद्र आणि माड पाहिले नव्हते असे नाही. पण त्यांच्या लेखी भूदृश्य हा माणसांमधल्या व्यवहाराचा भाग होता. आयर्लंडमध्ये सिंगचेही तेच. मोहेरच्या कड्यावरून दिसणाऱ्या अरन बेटांवर तो १८९८ पासून जात राहिला, आणि त्याच्या १९०७ च्या पुस्तकात समुद्राइतकीच होड्या ओढणारी, बुडालेल्यांसाठी आक्रोश करणारी माणसे आहेत. रिकामा किनारा आपल्याला थोर लेखकांनी दिलेला नाही. तो कॅलेंडरांनी दिला, पर्यटनाच्या जाहिरातींनी दिला. गंमत अशी की पर्यटनाला नाक मुरडणारा लेखक पर्यटनाच्या भित्तिपत्रकाचीच भाषा बोलत असतो. दोघांनाही वाळूवर माणूस नको असतो.

यावर अपेक्षित प्रश्न येईल : मग कचरा चालेल? ध्वनिवर्धक चालतील? नाही, चालणार नाहीत. मी गर्दीचे स्तोत्र गात नाही. तारकर्लीच्या समुद्रात मे २०२२ मध्ये स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. वाळूच्या पट्टीला, प्रवाळांना, विहिरींच्या गोड्या पाण्याला सोसण्याची मर्यादा असते. पण ही मर्यादा मोजण्याची आणि नियमाने पाळण्याची गोष्ट आहे, नाक मुरडण्याची नव्हे. एका वेळी किती बोटी, किती माणसे, किती जीवरक्षक, सांडपाणी कुठे जाते, हे प्रश्न विलापात कधीच येत नाहीत, कारण ते रुक्ष आहेत. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत भरतीरेषेपासून बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. दीडशे मीटर किनारा कागदावर मोकळा होतो. त्या कागदावर बसमधून उतरलेल्या कोणाचीही सही नाही. भजीच्या द्रोणाने विषण्ण होणाऱ्या किती लेखकांनी या दीडशे मीटरांवर एक परिच्छेद लिहिला? विलापाचा खरा दोष इथे आहे. एका दिवसासाठी येऊन वाळूत पाय बुडवून जाणारा माणूस डोळ्यांत खुपतो, आणि कायमचा किनारा घेऊन बसणारा डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक माणूस त्या लेखांतून गायब असतो : तिथलाच. रापण ओढणारा गाबीत त्यात आलाच तर पहाटेच्या प्रकाशातली काळी आकृती म्हणून येतो. पर्ससीनच्या जाळ्यांनी मासळी उपसून नेल्यावर त्याने होडीला रंग देऊन पर्यटक फिरवायला घेतले, हे त्याचे अर्थशास्त्र. ‘पूर्वीचे कोकण राहिले नाही’ असे हळहळणाऱ्याने त्याला विचारावे, पूर्वीचे कोकण तुला परत हवे आहे का? उत्तर ‘हो’ असेल किंवा ‘नाही’ असेल. पण ते त्याचे असेल.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. निसर्गलेखन शिकवताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला लावावे : या वर्णनातून कोणाला बाहेर काढले आहे? लेखक तिथे कशाने पोहोचला, कोणाच्या हातचे जेवला, त्याच्या खोलीपुढची वाळू कोणी झाडली? आणि लिहिणाऱ्यांनी एकदा मे महिन्यातल्या भर दुपारच्या किनाऱ्यावर लिहून पाहावे, माणसे न गाळता. जमणार नाही असे वाटत असेल तर ती उणीव किनाऱ्याची नाही, आपल्या गद्याची आहे.

त्या दिवशी परतताना आंबोली घाटात दोन्ही गाड्या धुक्यात अडकल्या. दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली होती. काकूंनी पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढून दाखवली. तिच्यात समुद्राचे पाणी होते, सुनेला चाखायला द्यायचे म्हणून. सुनेला आणता आले नव्हते, म्हशींची धार काढायला कोणीतरी घरी लागतेच. मनात जमलेले माझे ते पहिले वाक्य तोवर विसरले गेले होते. आता आठवायचा प्रयत्न करतो, तर तेही येत नाही.