कच्चा टाका आणि मधलं चित्र

माझे अब्बा शिंपी होते. चौकड्यांचा शर्ट शिवताना ते आधी दोन्ही बाजूंच्या रेघा जुळवून कच्चा टाका घालत. पक्की शिलाई झाली की कच्चा धागा ओढून काढत. पुढे मी ॲनिमेशनच्या स्टुडिओत लागलो, तेव्हा हाच कच्चा टाका मला कागदावर भेटला.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणं हे माझं काम. कागदाला भोकं, टेबलाला खुंट्या. त्यामुळे प्रत्येक कागद ठरल्या जागीच बसतो. पण पात्राचं डोकं बरंच सरकलं असेल तर दोन चित्रं लांब पडतात. मग नुसत्या अंदाजाने काढलेल्या मधल्या चित्रात गाल आत जातो, नाक हलतं. उपाय जुना आहे. कोऱ्या कागदावर मधल्या जागेची खूण करायची, कागद खुंट्यांवरून उचलून दोन्ही डोकी त्या खुणेवर एकावर एक आणायची, मधली रेघ काढायची आणि सगळे कागद परत खुंट्यांवर.

आता कागद गेले. ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ पासून सर्वांना मोफत खुलं आहे. त्यात यासाठी ‘शिफ्ट अँड ट्रेस’ आहे. टीव्हीपेंटमध्ये ‘आउट ऑफ पेग्ज’. दोन्हींचं तत्त्व एकच: चित्र फक्त बघण्यापुरतं सरकतं, मूळ चित्र जागच्या जागी राहतं. कच्चा टाकाच तो!

तरीही मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथे नवी मुलं हे साधन वापरत नाहीत. मूळ चित्रच उचलून सरकवतात, मग परत ठेवायला विसरतात. पडद्यावर पात्र थरथरतं आणि बोल त्या मुलांना बसतात. मला यात मुलांपेक्षा साधनाचा दोष जास्त वाटतो. मेनूच्या पोटात दडलेली सोय ही नसल्यासारखीच.

हिशेब करून पाहा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर एका मिनिटाला ७२०. त्यातल्या निम्म्यांना जुळवणी लागली आणि प्रत्येकी अर्धा मिनिट जास्त गेला, तर तीन तास गेले. चित्रामागे मजुरी मिळणाऱ्याच्या खिशातून गेलेले तीन तास!

म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. दोन्ही चित्रांवर डोळ्याचा कोपरा आणि हनुवटी अशा दोन खुणा केल्या, की जुळवणी आपोआप व्हावी. एक कळ दाबली की सगळं खुंट्यांवर परत यावं. आणि चित्र सध्या सरकवलेलं आहे, हे पडद्यावर ठळक दिसावं.

काही जण म्हणतील, मग मधलं चित्रही यंत्रालाच काढू द्या. माझा त्याला विरोध आहे. मान वळते ती सरळ रेषेत नाही, कमानीत. आणि ती कमान किती खोल, हे पात्राच्या स्वभावावर ठरतं. थकलेल्या म्हातारीची मान आणि चिडलेल्या पोराची मान एकाच वाटेने वळत नाहीत. कागद जुळवण्याची हमाली यंत्राने खुशाल करावी. कमान आम्हाला काढू द्या.