कोड मूळ लिनक्समध्ये आणा, नाहीतर पेट्या परत न्या

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरातून, इंदापूर आणि बारामती तालुक्यांत लिनक्सवर चालणारी शेतीची यंत्रे विकणाऱ्या सर्व उत्पादकांना आणि त्यांच्यासाठी कोड लिहिणाऱ्या अभियंत्यांना हा जाहीर इशारा आहे.

तुमच्या बोर्डापुरता लिहिलेला कोड मूळ लिनक्स कर्नेलमध्ये कसा आणि केव्हा घालणार, याचा लेखी आराखडा दसऱ्यापर्यंत जाहीर करा. पहिले पॅच दिवाळी पाडव्याच्या आत त्या त्या विभागाच्या मेंटेनरकडे गेले पाहिजेत. नाहीतर आमच्या शिवारात तुमची नवी पेटी बसू देणार नाही, आणि बसलेल्यांचे पैसे परत मागू.

हे टोकाचे वाटत असेल तर उसाच्या बांधावर खांबाला लावलेली, मातीतल्या ओलीचे आकडे मोबाईलवर पाठवणारी एखादी पेटी उघडा. सिरियल केबल जोडून कर्नेलची आवृत्ती विचारा. अशाच एका पेटीने उत्तर दिले: ४.९. त्या आवृत्तीची देखभाल जानेवारी २०२३ मध्ये थांबली. ४.१४ची जानेवारी २०२४ मध्ये, ४.१९ची त्याच वर्षी डिसेंबरात. सेन्सर ठीक, सोलर पॅनेल चालू, पण मूळ कर्नेलकडून सुरक्षेची एकही दुरुस्ती त्या पेटीला आता मिळणार नाही. चिपवाल्याने दिलेल्या जुन्या कर्नेलवर तुम्ही आपले बदल चिकटवले आणि हात झटकले. नवे कर्नेल घ्यायचे तर ते सगळे पुन्हा करावे लागते, आणि ज्याने केले तो केव्हाच दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो. रात्रीच्या थ्री फेज लाईटीवर मोटर चालू-बंद करणारी पेटीही अशीच निघाली, तर तिच्या भरवशावर झोपलेल्या माणसाने काय करायचे?

‘पुढे बघू’ हे उत्तर चालणार नाही. अँड्रॉइडचे काय झाले ते आठवा. त्याचे ड्रायव्हर २००९ साली २.६.२९ मध्ये स्टेजिंग या कच्च्या कोडच्या विभागात आले. पुढे त्यांची काळजी घ्यायला कोणी उभे राहिले नाही, म्हणून २.६.३३ मध्ये त्या विभागाचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते काढून टाकले. परतायला मार्च २०१२ची ३.३ आवृत्ती उजाडली. फोनला झोपू न देणारी वेकलॉकची सोय तर कर्नेलच्या मंडळींनी त्या रूपात मान्यच केली नाही, ३.५ मध्ये ती गरज वेगळ्या बांधणीने भागवावी लागली. गुगललाही आपली रचना जशीच्या तशी आत नेता आली नाही, तेव्हा तुम्हीही तो हट्ट धरू नका. उलट रिअल-टाइमचा कोड बघा. तो तुकड्यातुकड्याने सुमारे वीस वर्षे आत जात राहिला आणि २०२४च्या ६.१२ मध्ये मुख्य प्रवाहात आला.

आराखडा म्हणजे ‘लवकरच ओपन सोर्स करू’ असे पत्रक नव्हे. काम ताज्या मूळ कर्नेलवर सुरू करा, चिपवाल्याच्या नाही. सामाईक फायलींत ‘आमचा बोर्ड असेल तर’ असे इफडेफ घुसवलेत ते आधी उपटा. कोणत्या पिनला काय जोडले ते डिव्हाइस ट्रीत लिहा. २०११ साली एआरएमच्या याच गोंधळावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स भडकले होते, आणि ती घाण निस्तरल्यावरच ३.७ मध्ये एकच कर्नेल अनेक एआरएम बोर्डांवर चालू लागले. सगळ्यांच्या उपयोगाच्या दुरुस्त्या पहिल्यांदा पाठवा, मग ड्रायव्हर, शेवटी बोर्डाचे वर्णन. प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नेल कंपाइल झालेच पाहिजे. नवा कोड आत घेण्याची मर्ज विंडो जेमतेम दोन आठवड्यांची असते, त्यामुळे कोड तिच्या आधीच लिनक्स-नेक्स्टमध्ये तपासून झालेला हवा. आणि मेंटेनर्सच्या यादीत एका जबाबदार माणसाचे नाव घाला. वाली नसलेला कोड आतूनही बाहेर जातो: २०१८ साली ४.१७ मध्ये एका फटक्यात आठ आर्किटेक्चर काढली, आणि ६.७ मध्ये इटॅनियमही गेले.

सोर्स कोडला मात्र कसलीही मुदत नाही. कर्नेलचा परवाना जीपीएल आवृत्ती २ आहे. ज्याला पेटी विकली त्याच्यासाठी तिच्या कर्नेलचा सोर्स खुला करणे तुमच्यावर बंधनकारकच आहे. तो आजच द्या.

शेतकरी बांधवांनो, नवी पेटी घेताना बिलावर कर्नेलची आवृत्ती आणि दुरुस्त्या किती वर्षे मिळणार ते लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याला बांधावरूनच माघारी पाठवा.